चार आण्यांची खोली

पौषातली सकाळ होती. धुकं इतकं दाट होतं की बैलाला स्वतःची शिंगं दिसू नयेत, आणि वारा कानाच्या पाळ्या कापत होता. अशा थंडीत रखमाजी कासार रात्रभर सोनखेडच्या सराईच्या ओट्यावर कुडकुडत बसला होता. खोली त्याने घेतलेली होती बरं का. पैसे आगाऊ दिलेले होते. चिठ्ठी कनवटीला होती.

झालं होतं ते असं. सोनखेडची सराई राजानं अमृतशेटला चालवायला दिली होती. शेटची माणसं सहा कोसांवरच्या नाक्यावर बसून खोल्यांच्या चिठ्ठ्या विकत. चिठ्ठीवर सुरेख चित्र असे: खोली, गादी, खिडकीतून दिसणारं तळं. रखमाजी नाक्यावर थांबला तसा चिठ्ठीवाला त्याच्या कानाशी लागला. म्हणाला, आता दोनच खोल्या उरल्यात, आणि पलीकडे ते तिघे उभे आहेत ना, त्यांचा डोळा त्यावरच आहे. ते तिघे खरं म्हणजे विडी ओढत उभे होते. पण रखमाजीनं घाईघाईनं चार आणे मोजले.

सराईत पोचल्यावर अमृतशेटनं चिठ्ठी उलटीसुलटी पाहिली आणि आकार सांगायला सुरुवात केली. कुलूप उघडणावळ दोन आणे. बाजेचे दोन. दिव्याचा एक. खोलीपर्यंत वाट दाखवल्याचा एक. आणि सेवेचे दोन.

"सेवा कसली, शेट?" रखमाजीनं विचारलं.

"हे सगळं आकारायची," शेट म्हणाला.

रखमाजीजवळ तेवढे नव्हते. तो म्हणाला, मग राहू द्या, माझे चार आणे परत करा. शेट म्हणाला, ते नाक्यावर माग, पैसे त्यांनी घेतले. आणि नाक्यावर गेलं तर तिथले म्हणणार, खोली शेटची, त्याला विचार. हे रखमाजीला न जाताच कळलं. वर शेट म्हणाला, चिठ्ठी दाखवलीस म्हणजे सौदा झाला, खोलीत झोप नाहीतर ओट्यावर झोप, आकार लागू. आणि त्यानं बांगड्यांची पेटी ठेवून घेतली.

पेटी गेली म्हणजे सगळंच गेलं. संक्रांत तीन दिवसांवर. गावोगावच्या बाया नव्या बांगड्या भरायच्या त्या याच आठवड्यात, आणि कासाराचं वर्ष याच आठवड्यावर निघायचं.

सकाळी रखमाजी राजापुढे उभा राहिला. हळूहळू, एकेक गोष्ट सांगितली. पण राजा हट्टी. सराईच्या करारावर त्याची स्वतःची मोहोर होती, आणि आपली मोहोर चुकते हे त्याला कधी पटलं नव्हतं. तो म्हणाला, "चिठ्ठीत खोली लिहिली होती, खोली मिळत होती. दार उघडून मिळेल असं लिहिलं होतं का? नाही ना. यात लूट आहे असं माझ्या तोंडून वदवून दाखव. दिवस मावळायच्या आत. जमलं तर पेटी तुझी, नाहीतर शेटची."

दरबारी हसले. बोलावून आणलेला शेट तर फारच हसला.

"बरं, सरकार," रखमाजी म्हणाला. "तेवढी पेटी मात्र इथं आणवा." आणि तो वाड्याच्या पायरीवर बसून राहिला. दुपार झाली तरी बसूनच. राजाला वाटलं, म्हाताऱ्यानं हात टेकले.

पेटी आल्याची बातमी आत गेली आणि राणीसाहेबांचा निरोप आला: कासार आलाच आहे तर संक्रांतीच्या बांगड्या इथंच भरून घेऊ. रखमाजीनं दोन्ही हातांचे बारा आणे सांगितले. राजानं घासाघीस करून आठ आण्यांवर आणलं, सगळ्यांदेखत, आणि स्वतःवर खूश झाला.

रखमाजीनं राणीचा हात हातात घेतला. बोटं चेपून मऊ केली, बांगडी चढवत चढवत अंगठ्याच्या सांध्यापर्यंत आणली. आणि तिथंच हात सोडून दिला.

"अहो, थांबलात का?" राणीसाहेबांनी विचारलं.

"इथवर आठ आण्यांत येते, बाईसाहेब. सांध्यावरून पुढे न्यायची नेणावळ वेगळी. हात चेपल्याचा एक आणा झालाच आहे. आणि दोन आणे सेवेचे."

राणीनं बांगडी मागे ओढून पाहिली. येईना. पुढे जाईना. फोडावी, तर सणाच्या तोंडावर सवाष्णीनं आपल्या हातची बांगडी कशी फोडायची? अंगठा लाल व्हायला लागला. दासी पदराआड हसू लागल्या. राजा तरातरा उठून आला.

"आठ आणे ठरले तेव्हा हे बोलला नाहीस!"

"आपण विचारलं नाहीत, सरकार."

"विचारायचं काय त्यात? बांगडी घेतली म्हणजे ती मनगटात भरून मिळायची. भरताना फुटली तर तोटाही कासाराचा, हे शेंबडं पोर सांगेल. आधी कमी बोलायचं आणि माणूस अडकला की मागायचं? ही शुद्ध लूट आहे!"

रखमाजीनं हात जोडले. "मी सकाळपासून हेच सांगत होतो, सरकार. आता आपणही म्हणालात. आणि दिवस मावळायला अजून दोन घटका आहेत."

पहिल्यांदा राणीसाहेब हसल्या, अंगठा तसाच धरून. त्यांचं पाहून राजाचं पोट हलायला लागलं, आणि मग तो असा हसला की पागोटं सावरावं लागलं. अमृतशेट तेवढा हसला नाही.

रखमाजीनं सांधा हलकेच दाबला, बांगडी खळकन मनगटात गेली. राहिलेल्याही भरल्या, एकही न फोडता, आणि आठ आण्यांवर पैही मागितली नाही. राजानं पेटी दिली, वर एक शेला आणि पंचवीस रुपये दिले. शेटला हुकूम झाला: नाक्यावर सांगितलेला आकडा तोच शेवटचा आकडा, आणि महिनाभर त्यानं स्वतः त्याच चार आण्यांच्या खोलीत झोपायचं. तळं कुठल्या खिडकीतून दिसतं ते शोधून दरबारात कळवायचं.

संक्रांत आटोपून रखमाजी घरी आला. शेजारच्या म्हाळसाकाकूंनी सगळं ऐकून घेतलं, शेला हातात घेऊन पाहिला, राजाच्या हुकमाला मान डोलावली.

"झालं ते चांगलं झालं, रखमाजीदा," त्या म्हणाल्या. "पण पुढल्या खेपेला घोंगडी घरचीच न्या."