तिळाएवढी टिणी

“तुम्हीच झाडलंत!”

“झाडलं तर झाडलं! धूळ खात पडलं होतं.”

“ते माझं टिण होतं!”

“असेल. मला काय ठाऊक? नाव होतं का त्यावर तुझं?”

असं भांडण जुंपलं होतं. कुठे? रेवूच्या आईच्या फोनमध्ये. अगदी आत. फोनच्या पोटात.

भांडत होती टिणी. टिणी म्हणजे घंटी. एवढीशी. तिळाएवढी. रोज चार वाजता ती वाजायची. टिण! की रेवू दूध प्यायची. आईनं सांगितलं तर? नाही. बाबांनी सांगितलं तर? मुळीच नाही. टिणीनं सांगितलं तरच. टिण नाही, तर दूध नाही. अशी ती रेवू!

आणि समोर कोण? कोठीबाई. कमरेला पदर, हातात झाडू. फोनची कोठी ती सांभाळायची. कोठीत फोटो. कोठीत गाणी. आणि फळीच्या अगदी टोकाला काय? रेवूचं पहिलं हसू. बोळक्या तोंडाचं. खुद्! एवढंसंच. आईनं जपून ठेवलेलं.

“आता मी वाजू कशी?” टिणी रडकुंडीला आली.

“नवं टिण कर,” कोठीबाई म्हणाली. “त्याला सूर लागतो. जा, सूर आण.”

“आणते! बघाच तुम्ही!”

तुरुतुरु, तुरुतुरु. टिणी निघाली. वाटेत भेटला सूरदादा. पीं पीं! पीं पीं!

“सूरदादा, सूरदादा, सूर दे.
सूर येईल, टिण होईल,
रेवू दूध पिईल.”

सूरदादा म्हणाला, “मी मुगाएवढा. येईन की. पण तालाशिवाय मी हलत नाही. आधी टिकटिकरावांना आण.”

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकटिकराव उभे होते. टिक टिक! टिक टिक!

“टिकटिकराव, टिकटिकराव, ताल द्या.
ताल मिळेल, सूर येईल, टिण होईल,
रेवू दूध पिईल.”

टिकटिकराव म्हणाले, “मी हरभऱ्याएवढा. येईन की. पण आज वार कोणता? ते कळल्याशिवाय मी हलत नाही. आधी कॅलेंडरकाकांना आण.”

तुरुतुरु, तुरुतुरु. कॅलेंडरकाका लटकत होते. फड फड! फड फड!

“कॅलेंडरकाका, कॅलेंडरकाका, वार सांगा.
वार कळेल, ताल मिळेल, सूर येईल, टिण होईल,
रेवू दूध पिईल.”

कॅलेंडरकाका म्हणाले, “मी चिंचोक्याएवढा. येईन की. पण वार कुठल्या गावचा? इकडे बुधवार असतो, तेव्हा तिकडे लांब मंगळवारच असतो! गाव दिसल्याशिवाय मी हलत नाही. आधी नकाशामावशीला आण.”

तुरुतुरु, तुरुतुरु. पाय दुखले. टिणी थांबली नाही. नकाशामावशी पसरली होती. सर सर! सर सर!

“नकाशामावशी, नकाशामावशी, गाव दाखव.
गाव दिसेल, वार कळेल, ताल मिळेल, सूर येईल, टिण होईल,
रेवू दूध पिईल.”

नकाशामावशी म्हणाली, “मी बटाट्याएवढी. येईन की गं. पण गावाचं नाव कोण लिहिणार? तुझा बाप? नाव लिहिल्याशिवाय मी हलत नाही. आधी अक्षरआजोबांना आण.”

तुरुतुरु, तुरुतुरु. अक्षरआजोबा बसले होते. केवढे? भोपळ्याएवढे! जगातली सगळी अक्षरं त्यांच्या पोटात. आपली, परकी, उभी, आडवी, कुणी कधी न वाचलेली.

“अक्षरआजोबा, अक्षरआजोबा, नाव लिहा.
नाव लिहाल, गाव दिसेल, वार कळेल, ताल मिळेल, सूर येईल, टिण होईल,
रेवू दूध पिईल.”

“कुठलं गाव?” आजोबांनी विचारलं.

“वाई. रेवूचं गाव.”

“वाई? दोनच अक्षरं?”

“दोनच.”

“लिहीन की. मला कुणी लागत नाही. पण बाळ, मी थोडा थोडा येत नाही. येतो तो सगळाच येतो. वजन केलंस का?”

“केलं की! मी तिळाएवढी.”

“ते तुझं झालं. आणि आमचं?”

टिणीनं मागे पाहिलं. तिच्यामागे मूग. मुगामागे हरभरा. हरभऱ्यामागे चिंचोका. चिंचोक्यामागे बटाटा. आता बटाट्यामागे भोपळा.

मोजायचं होतं. तेव्हाच मोजायचं होतं.

पण टिणी म्हणाली, “नंतर, आजोबा, नंतर! चार वाजत आले. दूध निवतंय!”

“बरं बाई,” आजोबा म्हणाले. आणि उठले.

निघाली वरात. टिणीचा हात सूरदादाने धरला. सूरदादाचा टिकटिकरावांनी. टिकटिकरावांचा कॅलेंडरकाकांनी. काकांचा मावशीने. मावशीचा आजोबांनी. तुरुतुरु, पीं पीं, टिक टिक, फड फड, सर सर, धबक! धबक!

कोठीच्या दारात आली कोठीबाई. हातात तराजू. कोठीची रीत ठरलेली. जो पुढे, त्याचंच वजन. मागचे सगळे त्याच्या नावावर आत.

“किती जागा हवी?” कोठीबाईनं विचारलं.

“तिळाएवढी,” टिणी म्हणाली.

कोठीबाईनं टिणीला तराजूत घातलं. खरंच, तीळच भरला. “तीळ ना? मग जा फळीवर.”

टिणी चढली. फळी हलली नाही.
मूग चढला. फळी हलली नाही.
हरभरा चढला. फळी किंचित हलली.
चिंचोका चढला. कुर्र.
बटाटा चढला. कर्र.
भोपळा चढला. कर्रर्रर्र!

फळी कलली. फोटो सरकले. गाणी सरकली. आणि टोकाचं हसू? घरंगळलं. घर घर घर घर... टप्! कोठीबाहेर पडलं. गेलं.

कुणी पाहिलंच नाही. कारण चार वाजले होते!

आजोबांनी नाव लिहिलं.
नाव लिहिलं, गाव दिसलं.
गाव दिसलं, वार कळला.
वार कळला, ताल मिळाला.
ताल मिळाला, सूर आला.
सूर आला आणि...

टिण!

रेवूनं कान टवकारले. “तिन!” ती म्हणाली. आणि दूध प्यायली. गट गट गट गट. वर दुधाची मिशी. टिणी फळीवर नाचली. गिरकी घेतली. तिचं टिण तिला मिळालं होतं.

आईनं रेवूची मिशी पुसली. मांडीवर घेतलं. म्हणाली, “शहाणं गं माझं पाखरू. चल, तुझं हसू ऐकू या. तू इवलीशी होतीस ना, तेव्हाचं.”

आईनं फोन दाबला. काही नाही.
पुन्हा दाबला. काही नाही.
इकडे शोधलं. तिकडे शोधलं. नाही.

“अगं बाई,” आई म्हणाली. “गेलं की गं.”

आणि फोनकडे बघत बसली.

रेवूला वाटलं, आईला हसू हवंय. मग ती हसली. खो खो हसली. खूप छान हसली. आईनं तिचा पापा घेतला. पण रेवूला आता दात आले होते. ते बोळक्या तोंडाचं खुद्, ते काही पुन्हा यायचं नव्हतं.

फोनच्या पोटात सगळ्यांनी ते ऐकलं. मग काय, पुन्हा जुंपली!

“मी पाडलं नाही! मी मुगाएवढा!”
“मी पाडलं नाही! मी हरभऱ्याएवढा!”
“मी तर चिंचोका!”
“मी बटाटा असले म्हणून काय झालं? मला बोलावलं, मी आले!”
“मी विचारलं होतं,” अक्षरआजोबा हळूच म्हणाले. “वजन केलंस का, म्हणून.”

कोठीबाई झाडू आपटत म्हणाली, “माझ्याकडे नका बघू! माझ्या तराजूत तीळ भरला. तीळ म्हणजे तीळ!”

“तुमचा तराजूच खोटा!”
“खोटा? जीभ आवर!”
“तू आवर!”
“तू!”
“तू!”

टिणी फळीवरून उतरली. तुरुतुरु नाही, हळूहळू. जिथे हसू असायचं, तिथे जाऊन उभी राहिली. जागा रिकामी होती. एवढीशीच होती.

टिणी म्हणाली, “भांडू नका, मी बोलावलं म्हणून तुम्ही आलात, तर तुमचं सगळ्यांचं वजन माझंच होतं, आणि मी तीळ सांगितला.”