भरल्या पोटाची झाडं

कुणाच्या आजोबांच्या आजोबांनाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, एका खोऱ्यात कोळसा पाडणाऱ्यांचं गाव होतं. त्यांच्या भट्ट्यांचा कोळसा राजाच्या लोहारांना जाई आणि गाव सुखाने जेवे. फांद्या तोडाव्यात, खोडाला हात लावू नये, ही गावची रीत.

भट्टीचा काळा धूर वाऱ्याबरोबर निघून जाई. त्यातला न दिसणारा भाग मात्र मागे राही आणि खोऱ्यावर गोधडीसारखा पसरून ऊब धरी. डोंगरावरचं जुनं रान तो गिळायचं. ऐन, हिरडा, किंजळ अशी मोठी झाडं तो खोडात, मुळांत, पायाखालच्या मातीत साठवून ठेवत. म्हणून खोरं गार असे आणि झरा चैत्रातही वाहे.

गावचा मुखिया हरकू. माणूस कष्टाळू, पण स्वतःच्या अकलेवर भारी खूश. राजाने कोळसा वाढवून मागितला, भट्ट्या वाढल्या, खोरं तापू लागलं. हरकूची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, त्यामुळे त्याचा जीव खालीवर होत होता. मग त्याला युक्ती सुचली. त्याने गावाला पटवलं, की म्हाताऱ्या झाडांची पोटं भरलीत, ती आता काय खाणार? ती भट्टीत घालू आणि जागेवर रोपं लावू. वाढत्या अंगाची रोपं अधाशासारखी खातील. कोळशाचा कोळसा आणि गारव्याचा गारवा! सगळ्यांनी माना डोलावल्या.

जुन्या ऐनाच्या ढोलीत राहणारा धनेश पक्षी खालच्या फांदीवर उतरला.

"हरकूदादा, म्हातारी झाडं अजून जेवतात. आणि भरलेलं पोट जाळलंस, तर आतलं जाईल कुठं?"

"तुला तुझ्या ढोलीची काळजी," हरकू हसून म्हणाला आणि त्याने कुऱ्हाड उचलली.

अर्धा डोंगर बोडका झाला. पिढ्यान्‌पिढ्या रानाने गिळलेलं एका हंगामात भट्ट्यांतून बाहेर पडलं. मुळं कुजली, माती उघडी पडून तापली, तिनेही आपला साठा सोडून दिला. वीतभर रोपं खाणार तरी किती? निम्मी तर उन्हानेच करपली.

लेक आली, नातू झाला. पण बारशाच्या आधीच झरा आटला. बाळाला न्हाऊ घालायलाही पाणी उरलं नाही, तेव्हा लेकीने त्याला फडक्यात गुंडाळलं.

"आबा, मी सासरी जाते. इथं माझं बाळ जगायचं नाही."

हरकू वेशीपर्यंत तिच्यासोबत गेला. तिची पाठ दिसेनाशी झाल्यावर तो डोंगरावर गेला आणि ही रोपं जुन्या रानाएवढी कधी होतील, असं त्याने धनेशाला विचारलं.

"होतील की," धनेश म्हणाला. "तुझ्या नातवाचा नातू बघेल. तोवर उरलंय ते तरी राख."

हरकूने भट्ट्या विझवल्या आणि उरलेलं रान मरेपर्यंत राखलं. नातू परगावी वाढला. आजोबांचा चेहरा त्याच्या कधी ओळखीचा झाला नाही.

तात्पर्य : नवी रोपं जरूर लावावीत, पण आधी उभं रान राखावं; रानाने अनेक पिढ्या साठवलेलं एकदा सुटलं, की रोपट्यांना ते वेळेत परत आणता येत नाही.