घरची किटली

२०२१ सालचा डिसेंबर, ऐन हुरड्याचे दिवस. बार्शीच्या सोपानकाका ननवऱ्यांनी मन्मथ शेट्यांच्या दुकानातून नवा फोन घेतला. नागपूरची लेक संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर नव्या नातीला पहिल्यांदा दाखवणार होती. घरी खोकं उघडलं, तर आत चार्जर नाही. काका जुना चार्जर घेऊन दुकानात परतले.

"चार्जर वेगळा घ्यावा लागतो, काका. कंपनीला कचरा कमी करायचाय," मन्मथ म्हणाला. "तुमच्या पिढीला पर्यावरण कळायचं नाही."

जुना चार्जर नव्या फोनला बसेना. गिऱ्हाइकं हसली.

काका म्हणाले, "मन्मथ, इथंच तुझ्या आजोबांचं, आप्पांचं, तेलाचं दुकान होतं. भिंतींना करडईचा वास यायचा. आम्ही घरून किटली आणायचो. डबा वाचला म्हणून आप्पा तेवढे पैसे कमी घ्यायचे. किटलीचं तोंड कसलंही असो, नरसाळं लावून भरून द्यायचे. तू पैसे कमी केले नाहीस, आणि माझी किटलीही तुला चालत नाही. आता जुना चार्जर उकिरड्यावर जाणार, नवा मी विकत घेणार. मग कचरा कमी झाला कुठं?"

मन्मथनं कपाटातून चार्जर काढला आणि पैसे न घेता काकांच्या हातात ठेवला.