कणीच्या दारावरची पांढरी रेषा

शाळेच्या मैदानात एक भोक होतं.
तिळाएवढं.
ते होतं कणी मुंगीचं दार.

कणी अगदी छोटी. एवढी छोटी, की तिची सावली तिलाच सापडायची नाही.
घरात तिची भावंडं. किती भावंडं?
शंभर!

शुक्रवारी दुपारी कणी बाहेर गेली. शाळेच्या स्वयंपाकघरात तिला साखरेचा दाणा मिळाला. दाणा कणीपेक्षा मोठा. कणीनं तो डोक्यावर घेतला. निघाली घरी.
तुरु तुरु, तुरु तुरु.

घर आलं. पण दार कुठे गेलं?
दार दिसेना!
दारावर पांढरं. इकडे पांढरं. तिकडे पांढरं. लांबच लांब पांढरं. दुधाची नदीच जणू!
"अबब!" कणी म्हणाली. "केवढं मोठं!"

ती होती फक्कीची रेषा. फक्की म्हणजे चुन्याची भुकटी. मैदान आखायची.
कणीनं एक पाय टाकला. पाय चुरचुरला.
कणीनं वास घेतला. आऽऽक् छीं!
खालून बारीक आवाज आला.
"ताई गं, अंधार झाला! ताई गं, दार उघड!"

कणी म्हणाली,
"रेषाताई, रेषाताई, सरक ना!
दार उघडत नाही.
आत माझी शंभर भावंडं!"

रेषा म्हणाली, "छे! मी सरळ रेषा. उद्या शनिवार. उद्या घरच्यांची शर्यत. आई येणार, बाबा येणार, आजी येणार, आजोबा येणार. मुलांचा हात धरून माझ्यावरून धावणार. धप धप धप!"
"माझ्या दारावरून?"
"हो तर! फक्कीचा डबा वळेल, तर मी सरकेन. नाही तर नाही."

धप धप धप! दार मातीचं. घर मातीचं.
कणी निघाली.
तुरु तुरु, तुरु तुरु.

मैदानाच्या कडेला फक्कीचा डबा होता. पत्र्याचा. बुडाला भोकंच भोकं. हलला की भुर्र, हलला की भुर्र! कणीनं वर पाहिलं. चकचकीत डोंगर! डोंगराच्या टोकावर सूर्य बसलेला.
"अबब! केवढा मोठा!"

"डबेदादा, डबेदादा, वळ ना!
रेषा सरकत नाही,
दार उघडत नाही.
आत माझी शंभर भावंडं!"

डबा म्हणाला, "खण्ण! मी आपला आपण वळतो का? मला गोदामावशी धरते. मावशी ऐकेल, तर मी वळेन. नाही तर नाही."

तुरु तुरु, तुरु तुरु.

गोदामावशी शाळेची मावशी. घंटा तीच वाजवते. मैदान तीच आखते. मावशी उभी होती कमरेवर हात ठेवून. ताडाचं झाडच! कणी साडीवर चढली. हिरव्या काठावरून चढली. खांद्यावर पोचली. तिथून कानाशी.
कानात झुमका डुलत होता. झोपाळ्यासारखा.
"अबब! केवढं मोठं!"

"अगं बाई! कानात कोण गुदगुल्या करतंय?" मावशी म्हणाली.

"मावशी, मावशी, ऐक ना!
डबा वळत नाही,
रेषा सरकत नाही,
दार उघडत नाही.
आत माझी शंभर भावंडं!"

मावशी म्हणाली, "ऐकलं असतं गं पोरी. पण फळ्यावर लिहिलंय, सरळ रेषा. मी काढली वाकडी, तर सगळे म्हणतील, मावशी, चष्मा लावा चष्मा! फळा बदलेल, तर मी ऐकेन. नाही तर नाही."

कणी खाली उतरली. दाणा डोक्यावर घट्ट धरला.
तुरु तुरु, तुरु तुरु.

व्हरांड्यात होता सूचनांचा फळा. आई-बाबा येता-जाता वाचायचे, तो. काळा काळा. आभाळाएवढा! त्यावर पांढरी अक्षरं. बगळ्यांची रांगच जणू! कणी अक्षरांवरून चालली. चालता चालता वाचत गेली.

शनिवारी घरच्यांची शर्यत. सरळ रेषेवरून.
सोमवारी दातांची तपासणी.
बुधवारी आजोबा गोष्ट सांगणार.

एका काना-मात्रेवर चढायला कणीला धाप लागली.
"अबब! केवढं मोठं!"

"फळेकाका, फळेकाका, बदला ना!
मावशी ऐकत नाही,
डबा वळत नाही,
रेषा सरकत नाही,
दार उघडत नाही.
आत माझी शंभर भावंडं!"

फळा म्हणाला, "हं! माझ्यावर लिहिलं म्हणजे लिहिलं. मी हात थोडाच हलवतो? मला हातच नाहीत! खडू जागेल, तर मी बदलेन. नाही तर नाही."

तुरु तुरु, तुरु तुरु.

फळ्याखाली खोकं. खोक्यात खडू. आडवा पडलेला. देवळाचा पांढरा खांबच!
"अबब! केवढा मोठा!"
खांब घोरत होता. खुर्र... खुर्र...

"खडूदादा, खडूदादा, जाग ना!
फळा बदलत नाही,
मावशी ऐकत नाही,
डबा वळत नाही,
रेषा सरकत नाही,
दार उघडत नाही.
आत माझी शंभर भावंडं!"

"आऽऽऽ," खडूनं जांभई दिली. "सकाळपासून लिहितोय. निम्मा झिजलो. बाई उठतील, तर मी जागेन. नाही तर..."
खुर्र... खुर्र...

तुरु तुरु, तुरु तुरु.

ढगे बाई खुर्चीवर बसल्या होत्या. वह्या तपासत होत्या. कणी वहीच्या पानावर चढली. वर बघते तर काय? बाईंचा चष्मा! दोन गोल गोल तळी. आणि दोन्ही तळ्यांत एक एक छोटीशी कणी!
"अबब! केवढं मोठं!"

"बाई, बाई, उठा ना!
खडू जागत नाही,
फळा बदलत नाही,
मावशी ऐकत नाही,
डबा वळत नाही,
रेषा सरकत नाही,
दार उघडत नाही.
आत माझी शंभर भावंडं!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. कणीच्या बाजूला. कणीवर नाही.
"शंभर?" बाई म्हणाल्या. "माझ्या वर्गात तीसच आहेत, तरी दम निघतो! पण ऐक हं. शर्यत माझी नाही. शर्यत घरच्यांची. ते बघ, फाटकाशी रेवूचे आबा. रेवूच्या दादाला न्यायला आलेत. आबा हो म्हणतील, तर मी उठेन. नाही तर नाही."

फाटक लांब. ऊन तापलेलं. दाणा जड.
कणी निघाली.
तुरु... तुरु... तुरु... तुरु...

आबा कट्ट्यावर टेकले होते. पांढरी टोपी. पांढरी मिशी. कणी सदऱ्यावरून चढली. मिशीत शिरली. बाप रे! केवढं ते रान! आबांनी श्वास सोडला, की वारा. श्वास घेतला, की वादळ!
"अबब! केवढं मोठं!"

"आबा, आबा, हो म्हणा ना!
बाई उठत नाहीत,
खडू जागत नाही,
फळा बदलत नाही,
मावशी ऐकत नाही,
डबा वळत नाही,
रेषा सरकत नाही,
दार उघडत नाही.
आत माझी शंभर भावंडं!"

आबा खो खो हसले. रान गदागदा हललं. कणीनं एक केस घट्ट धरला.
"माझ्या 'हो'ला कोण विचारतो?" आबा म्हणाले. "आमच्या घरात चालतं एकाच माणसाचं. आमच्या रेवूचं! रेवू हो म्हणेल, तर मी हो म्हणेन. नाही तर नाही."

रेवू आबांची नात. दोन वर्षांची. एका पायात चप्पल. दुसरी चप्पल हातात.
रेवूला एकच शब्द आवडायचा.

"रेवू, टोपी घाल," आबा म्हणाले.
"नाही!"
"रेवू, पाणी पी."
"नाही!"
"रेवू, चप्पल तरी घाल गं बाई."
"नाही! नाही! नाही!"

कणी रेवूपुढे उभी राहिली. मोठ्ठा श्वास घेतला.

"रेवू, रेवू, हो म्हण ना!
आबा हो म्हणत नाहीत,
बाई उठत नाहीत,
खडू जागत नाही,
फळा बदलत नाही,
मावशी ऐकत नाही,
डबा वळत नाही,
रेषा सरकत नाही,
दार उघडत नाही.
आत माझी शंभर भावंडं!"

रेवू म्हणाली,
"नाही!"

कणी मटकन खाली बसली. डोक्यावरचा दाणा घरंगळला.
गडगड... गडगड... थांबला.
आता कुणाला विचारायचं? कुणी उरलंच नव्हतं.


मग ती उठली. दाण्यापाशी गेली. भावंडांना भूक लागली असेल. तिनं दाणा धरला. ओढला. हलेना. पुन्हा ओढला. उचलला! डोक्यावर घेतला!

साखर चालू लागली.
रेवूनं पाहिलं.
साखर आपली आपण चालते?

रेवू खाली बसली. डोंगर खाली बसावा, तशी. मग वाकली. मग आणखी वाकली. नाक मातीला टेकलं.
दोन मोठे डोळे. दोन बारीक डोळे.
आता रेवू म्हणाली,
"अबब! केवढी छोटी!"

रेवूनं साखर पाहिली. मुंगी पाहिली. पुन्हा साखर पाहिली. हळूच श्वास रोखला. कणी उडून जाऊ नये, म्हणून.

कणी बारीक आवाजात म्हणाली, "रेवू, हो म्हण ना."

रेवू म्हणाली,
"हो."

"अं?" आबा दचकले. "काय म्हणालीस?"
"हो! हो! हो!"

रेवू हो म्हणाली,
म्हणून आबा हो म्हणाले.
आबा हो म्हणाले,
म्हणून बाई उठल्या.
बाई उठल्या,
म्हणून खडू जागला.
खडू जागला,
म्हणून फळा बदलला. किर्र किर्र किर्र!

शनिवारी घरच्यांची शर्यत. वाकड्या रेषेवरून. मुंगीचं घर सांभाळून.

फळा बदलला,
म्हणून मावशीनं ऐकलं. हातात झाडू घेतला. खर्र खर्र! जुनी फक्की झाडली.
मावशीनं ऐकलं,
म्हणून डबा वळला. भुर्र भुर्र!
डबा वळला,
म्हणून रेषा सरकली. सरळ आली, गोल वळली, पुन्हा सरळ गेली.
"अगं बाई, रेषेला पोट आलं!" मावशी म्हणाली.

दारावर थोडीशी फक्की उरली होती. अगदी चिमूटभर.
रेवू वाकली. गाल फुगवले.
फूऽऽऽ!

दार उघडलं!

एक मुंगी बाहेर आली. मग दुसरी. मग दहा. मग शंभर!
"ताई आली! ताई आली!"
कणीनं दाणा खाली ठेवला. सगळ्यांनी तो एकेकदा चाटला.

शनिवार उजाडला. टण टण टण! गोदामावशीनं घंटा वाजवली.
आया आल्या. बाबा आले. आज्या आल्या. आजोबा आले. पायच पाय! पायांचं जंगल! चपला, बूट, पैंजण. कणी दारात उभी राहून बघत होती.
"अबब! केवढी मोठी घरं असतील यांची!"

बाई म्हणाल्या, "एक, दोन, तीन!"
धप धप धप! धप धप धप!
जमीन हलली. शंभर भावंडं एकमेकांना बिलगली. पाय जवळ आले. आणखी जवळ आले.

आणि दारापाशी कोण उभं होतं?
रेवू! दोन्ही हात पसरून. आज दोन्ही पायांत चपला.
एक उंच बाबा सरळच येत होते. रेवू ओरडली,
"नाही! नाही! नाही!"
"अहो, वळा! वळा!" आबा ओरडले.
उंच बाबा वळले. मागची आई वळली. मागची आजी वळली. जंगल गोल वळलं, आणि पुढे निघून गेलं.
दारातल्या मातीचा एक कणही हलला नाही.

पहिलं कोण आलं? कुणी पाहिलंच नाही. कारण सगळे मागे आले होते. रेवू कशाची राखण करते, ते बघायला. आई खाली बसली. बाबा खाली बसले. आजीनं गुडघा धरला, तीही बसली. ढगे बाईंनी चष्मा पुसला. सगळी शाळा वाकली.

रेवूनं मूठ उघडली. मुठीत साखर. घामानं थोडी चिकट झालेली. तिनं ती दारापाशी ठेवली.
पांढराशुभ्र डोंगर!
कणी डोंगराच्या टोकावर चढली. तुरु तुरु, तुरु तुरु.

आणि एवढी सगळी मोठी माणसं हळूच, अगदी हळूच म्हणाली,
"अबब! केवढी छोटी!"

बुधवारी आबा गोष्ट सांगायला उभे राहिले. कोणती गोष्ट सांगितली असेल?
हीच!

साखर गेली घरात,
मुंगी गेली दारात,
गोष्ट राहिली कानात.