सोनकी तांडेलीण आणि शेवटची मुशी

एका राज्यात दारावर आंब्याच्या पानांचे तोरण नव्हे, मुशीचा, म्हणजे शार्क माशाचा, जबडा टांगत. ज्याच्या दारी जबडे जास्त, त्याची मान ताठ. साऱ्या किनाऱ्यावर सर्वांत ताठ मान होडी हाकणाऱ्या सोनकी तांडेलिणीची. तिच्या दारी चाळीस जबडे होते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने ते मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये, अशी तिची साधी अपेक्षा असे.

ही रीत राजा रत्नशेखराने घातली होती. त्याचा एकुलता पुत्र समुद्रात बुडाला, तेव्हा धूम्रकेश मांत्रिक म्हणाला, "महाराज, मुशीने खाल्ला." तेव्हापासून कोणी पाण्यात पाऊल घालीना. लोक होडीतूनच मुशी मारीत, मांत्रिक जबडे मंतरून देई. बारा वर्षे हे चालले. मुशी संपल्या, तशा त्यांचे भक्ष्य असलेल्या चपट्या पाकट माशांच्या झुंडी माजल्या. त्यांनी खडकांवरची शिंपल्यांतली कालवे फस्त केली, त्यांच्या आसऱ्याने राहणारे मासे निघून गेले, आणि जाळी रिकामी येऊ लागली.

राजाने फर्मान काढले, की पौर्णिमेपर्यंत जाळी भरली नाहीत, तर कोळीवाडा उठवून डोंगरापलीकडे न्यावा. मांत्रिक म्हणाला, "एक मुशी उरली आहे. तिचाच हा शाप."

सोनकीने भाला उचलला. कोळीवाडा वाचवायचा, आणि तोही आपल्याच हाताने, या विचाराने तिची छाती फुगली होती.

होडीतून समुद्रात गेल्यावर एका बेटाच्या खडकापाशी तिला मुशी दिसली. सोनकी नेम धरते तोच एक कुरव पक्षी होडीच्या टोकावर येऊन बसला.

"थांब, तांडेलिणी," तो म्हणाला. "राजपुत्राची होडी याच खडकावर फुटली. मी डोळ्यांनी पाहिले. शाप मुशीचा नाही, दारोदारच्या मंतरलेल्या जबड्यांचा आहे."

"मग तो उतरेल कसा?"

"भाला पाण्यात टाक. मुशीच्या बाजूने पोह. आणि भर दरबारात आपली चूक आपल्या तोंडाने सांग."

"पहिली दोन करते," सोनकी म्हणाली. "तिसऱ्याचं बघू."

भाला टाकताना तिला वाईट वाटले; चांगला भाला होता. उडी घेताना तिने डोळे घट्ट मिटले होते, हे तिने पुढे जन्मभर कोणाला सांगितले नाही. मुशी हातभर अंतरावरून गेली. तिचे पोट पिल्लांनी जड झाले होते, आणि सोनकीकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. ती खडकाकडे वळताच पाकटे उधळून पळाली, आणि खाली तग धरून राहिलेली मूठभर कालवे वाचली. तेव्हा सोनकीला कळले, की आपण समुद्राचे चाळीस राखणदार मारून दारावर टांगले. तिला फार लाज वाटली.

ती ओल्या लुगड्यानेच दरबारात गेली.

"महाराज, राजपुत्राची होडी खडकावर फुटली. मुशीचा दोष नाही. चाळीस मी मारल्या. मी चुकले."

धूम्रकेश हसला. "असे असेल, तर महाराजांनीच पाण्यात उतरावे."

राजाने मुकुट काढून ठेवला. "उतरतो," तो म्हणाला. "बारा वर्षे मी समुद्राला घाबरलो. आता पुरे."

सारे नगर किनाऱ्यावर जमले. सोनकीचा हात धरून राजा कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. मुशी आली, तिने दोघांभोवती एक फेरा घातला, आणि त्यांच्या पायांशी सात पिल्ले दिली. त्याच क्षणी घरोघरचे जबडे खिळ्यांवरून सुटले, वाळूवरून घरंगळत पाण्यात गेले, आणि जिवंत मुशी होऊन पोहू लागले. धूम्रकेशाच्या जटा धूर होऊन उडाल्या. खाली उरला एक टकला, घाबरट म्हातारा.

पौर्णिमेला जाळी भरली. कोळीवाडा होता तिथेच राहिला.

वर्षभराने परमुलखाची तीन गलबते गळ घेऊन मुशींच्या मागावर आली. सोनकीने आपली होडी खाडीच्या तोंडाशी आडवी घातली. तिच्यामागे कोळीवाड्यातली झाडून सारी होडकी उभी राहिली, आणि त्यांत मुकुटाशिवाय बसलेला राजाही होता.

"वाट सोड, बाई," गलबताचा नायक म्हणाला. "मुशींचं एवढं काय? त्यांना कोण विचारतं?"

"आम्ही," सोनकी म्हणाली.

नायकाने होड्या मोजल्या, आणि शिडे फिरवली.