खिळ्याला टेकलेली दांडी

“चारशे माणसं चुकीची आणि एक यंत्र बरोबर, असं होऊ शकतं ना, बुवा?”

अंतूबुवा पांचाळ शाळेच्या पायरीवर तंबाखू मळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“हुईल की,” ते म्हणाले. “कवातरी.”

विचारणारा सुयोग शेलार. पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेला, आणि ते समोरच्याच्या लक्षात राहावं याची काळजी घेणारा. बुवांनी उभा जन्म सोनारांचे काटे जुळवले होते. म्हातारपणी त्यांना भंगारातून भूकंप टिपणारी यंत्रं करायचा नाद लागला. सुयोग वर्षभर त्यांच्या हाताखाली शिकला आणि मग स्वतःचं यंत्र करून त्यानं ते आपल्या गावच्या, करंजघळच्या, शाळेत बसवलं.

यंत्र साधंच. बिजागरीवर दार टांगावं तशी आडवी टांगलेली लोखंडी दांडी, तिच्या टोकाला वजन आणि पेन. दांडी फार भरकटू नये म्हणून दोन बाजूंना दोन खिळे. पेनाखाली घड्याळावर फिरणारा कागद. जमीन हलली की वजन जागीच राहायचं आणि कागदावर नागमोडी रेघ उमटायची.

गुरुवारी दुपारी, यंत्राच्या खोलीत कोणी नसताना, जमीन हलली. सगळं गाव घराबाहेर आलं, अनुसयाबाईंच्या घराच्या मागच्या भिंतीला तडा गेला.

कागदावरची रेघ मात्र सरळ होती.

सुयोगनं ती चावडीवर नेऊन दाखवली. खाणीवर सुरुंग उडाला असेल, म्हणाला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असंही म्हणाला. अनुसयाबाईंना त्यानं सांगितलं की तडा जुनाच असणार. आपला तो बाळ्या, हे यंत्रांच्या बाबतीतही खरं असतं.

आज संध्याकाळी ग्रामसभा होती. यंत्र शाळेत ठेवायचं की बाहेर काढायचं, हे ठरणार होतं. बुवांनी उठून यंत्र निर्दोष असल्याचं सांगावं, एवढ्यासाठी सुयोगनं त्यांना बोलावलं होतं. दोन वर्षांची मेहनत होती. ती बाहेर फेकली जाईल या विचारानं त्याला तीन दिवस जेवण गेलं नव्हतं.

“आत येऊन बघा,” तो म्हणाला. “दांडी अगदी मधोमध आहे.”

“मी न्हाई येत. तू भाईर ये.”

सुयोग बाहेर आला. बुवांनी त्याला खिडकीशी नेलं आणि गप्प उभं केलं.

दांडी हळूहळू सरकू लागली... आणि पलीकडच्या खिळ्याला जाऊन टेकली. टेकलेली दांडी काय हलणार आणि काय लिहिणार?

“आता आत जा.”

तो आत गेला, नेहमीच्या जागी उभा राहिला. दांडी निमूट मधोमध आली.

तीनदा असंच झालं.

शाळेच्या फरशीखाली भुसभुशीत मुरूम होता. सुयोग उभा राहिला की फरशी त्याच्या बाजूला केसभर दबायची, दांडीही तिकडे झुकायची, आणि तो उभा असतानाच त्यानं यंत्र जुळवलं होतं. आत आल्यावर रेघ थोडी सरकलेली दिसायची, तेव्हा कागद ढिला झाला म्हणून तो कागदच ताणून बसवायचा. सुयोगला चूक कळली होती, आणि चावडीवर आपण काय बोललो तेही आठवलं होतं.

पण हुशार माणूस लगेच सावरतो.

“सोपं आहे,” तो म्हणाला. “माझ्या जागी सत्तर किलो वाळूचं पोतं ठेवतो.”

बुवा पहिल्यांदा हसले.

“म्हंजी तू गेलास तरी तुजं वजन हितंच?”



मग बुवांनी त्याला आत पाठवून यंत्राच्या तळाचा, कल जुळवायचा स्क्रू फिरवायला लावला. दांडी मधून सुटली आणि त्याच्याच बाजूच्या खिळ्याकडे झुकली. त्याचा हात आपोआप तिला सरळ करायला गेला.

“हात काड,” खिडकीतून आवाज आला. “ऱ्हाऊ दे वाकडी.”

तो बाहेर येऊन बघायचा, आत जाऊन स्क्रू पाव आटा फिरवायचा, पुन्हा बाहेर. पाचव्या खेपेला, खोली रिकामी असताना, दांडी मधोमध येऊन थांबली.

बुवांनी पटांगणातला दगडी रोलर दोघा पोरांना ओढायला लावला. पेन थरथरलं, कागदावर बारीक नागमोड काढत गेलं आणि परत मध्यावर येऊन सरळ चालू लागलं. सुयोगला रडू आलं. त्यानं ते लपवलं नाही.

“सभेत काय सांगू?” त्यानं विचारलं.

“गाव खरं हुतं, म्हून सांग.”

“लोक हसतील.”

“हसत्याल. आन् यंत्र ठिवून घेत्याल.”

सुयोगनं मान हलवली. तेवढं आता त्याला जमणार होतं. पण एक गोष्ट त्याला टोचत होती, आणि बुवा वहाणा घालत होते...

“बुवा, उद्या तहसीलदार येतील, पेपरवाले येतील. मी शेजारी उभा राहून यंत्र दाखवायला लागलो, की नेमकं तेव्हाच ते चुकीचं दिसणार.”

“दिसंल.”

“मग मी करू काय?”

बुवांनी पिशवी खांद्याला लावली.

“शेजारी उभा ऱ्हाऊ नगंस.”