टोपलीवरचं फडकं

खूप जुन्या काळी, नदीकाठच्या एका राज्यात एक चांगली रीत होती. कोणी नवं बियाणं घडवलं, की राजा त्याला सनद देई. दहा वर्षं ते बियाणं त्याच्याच हक्काचं. बदल्यात ते घडवायची कृती चावडीच्या दगडावर कोरायची, म्हणजे पुढे ती सगळ्यांची.

सनद द्यायची की नाही, हे एक म्हातारा परीक्षक ठरवी. नियम एकच होता. आणलेली बियाण्याची टोपली फडक्याने झाकलेली ठेवायची आणि आधी तीन जाणत्या माळ्यांना नुसती अडचण सांगायची. त्यांना वाट सुचली, तर सनद नाही.

एकदा वाळूत खरबुजं लावणारी एक माळीण आली. भुरी रोगाने दरसाल काठावरचे वेल पांढरे पडून मरत. तिचे मरत नव्हते. त्यासाठी ती सात वर्षं खपली होती.

त्या दिवशी परीक्षकाला जेवायची घाई होती. त्याने आधीच फडकं उचललं. आत एक गोड खरबूज होतं, शेजारी रानातलं कडू शेंदाड. माळी हसले.

"शेंदाडाला भुरी लागत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याचा पराग खरबुजाच्या फुलावर घातला, झालं."

परीक्षकाला पटलं. डोळ्यांनी पाहिल्यावर न पटायला काय झालं?

"बाई, हे तर कोणीही केलं असतं," तो म्हणाला.

"मग काका, आजवर कोणी का नाही केलं?"

सनद नाकारून परीक्षक जेवायला उठला. त्याला भूक लागली होती.

पुढे भुरीने अख्खा काठ खाल्ला. परीक्षकाने त्याच तिघांना कामाला लावलं. त्यांनी पराग घातला, त्या फळाचं बी पेरलं. फळ विषासारखं कडू निघालं, म्हणून वेल उपटून फेकले. पुन्हा केलं, पुन्हा कडू. चार हंगाम असेच गेले. माणसं गाव सोडून जाऊ लागली.

तेव्हा परीक्षक स्वतः माळिणीच्या दारात गेला. तिला आता नीट दिसत नव्हतं. त्याने बी मागितलं.

"ते भाजून खाल्लं, काका. कोणीही करील ते जपून कशाला ठेवायचं?"

"निदान कृती तरी सांगा, बाई."

"कडू फळ फेकायचं नाही. त्याच्या बियांचे वेल पुन्हा गोड वेलाशी जुळवायचे, दर हंगामाला. त्यातलं कोणतं रोप ठेवायचं, ते कोवळ्या पानावरून कळतं. ते सांगता येत नाही, दाखवावं लागतं." तिने डोळ्यांवरून हात फिरवला. "आता दाखवू कशी?"

त्यानंतर परीक्षकाने फडकं कधी आधी उचललं नाही. पण त्या काठावरून टोपली घेऊन पुन्हा कोणी आलंही नाही.

तात्पर्य: उत्तर समोर आल्यावर ते सोपंच वाटतं, म्हणून शोधणाऱ्याची पारख उत्तर पाहण्याआधी करावी.